पावसाचा हिस्सा

हायब्रिड, म्हणजे पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेली गाडी चालवणारा माणूस सिग्नलला उभा असला की ओळखू येतो. त्याचं लक्ष दिव्याकडे नसतं, स्पीडोमीटरच्या शेजारच्या छोट्या चित्राकडे असतं. त्यात एक इंजिन, एक बॅटरी आणि चाकं असतात आणि त्यांच्यामध्ये बाण धावत असतात. ब्रेक दाबला की बाण चाकांकडून बॅटरीकडे निघतात आणि माणसाला काहीतरी फुकटात मिळाल्याचा आनंद होतो. पुणेकराला तो जरा जास्तच होतो, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो.

मार्च-एप्रिलपर्यंत सगळं छान चालतं. मग मृग लागतो, दोन-चार सरी येतात आणि अ‍ॅव्हरेजचा आकडा खाली यायला लागतो. एकदम नाही; रोज थोडा, मुतखड्याच्या दुखण्यासारखा, आज बरा वाटेल उद्या नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये छत्री झटकत माणसं एकमेकांना विचारायला लागतात, "तुमची कितीवर आली?" कुणी पेट्रोलपंपावर संशय घेतो, कुणी सर्व्हिसिंगवर. पावसाचं नाव शेवटी निघतं, आणि तेही कुणाला फारसं पटत नाही. पाऊस बाहेर पडतो, इंजिन बॉनेटखाली असतं, मग त्याचा पेट्रोलशी संबंध काय?

संबंध आहे, पण तो कळायला हायब्रिड गाडी पेट्रोल वाचवते म्हणजे नक्की कुठे वाचवते हे आधी पाहावं लागतं. टोयोटाची प्रियस १९९७च्या डिसेंबरात जपानमध्ये विक्रीला आली तेव्हापासून मूळ युक्ती तीच आहे. गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवायचं. हळू चालताना शक्य तेवढं मोटरवर भागवायचं. इंजिन चालवायचंच तर त्याला सोयीच्या भाराला चालवायचं आणि उरलेली वीज बॅटरीत भरायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक लावताना जी गती उष्णता होऊन उडून जायची, तिच्यातली बरीचशी मोटरला जनरेटर करून परत मिळवायची. यातल्या बहुतेक इंजिनांमध्ये जेम्स अ‍ॅटकिन्सन या इंग्रज माणसाची १८८२मधली कल्पना आधुनिक रूपात वापरलेली असते. ताकद थोडी कमी, पण जळालेला वायू फुगताना पिस्टनला जास्त लांबवर ढकलतो, म्हणून इंधनातून जास्त काम. ताकदीची उणीव मोटर भरून काढते.

मारुतीची ग्रँड विटारा आणि टोयोटाची हायरायडर या जुळ्या हायब्रिड बहिणी २०२२मध्ये आपल्याकडे आल्या आणि लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा लोकांच्या तोंडी झाला. आपण त्याला सरसकट 'एआरएआयचा आकडा' म्हणतो. एआरएआय म्हणजे गाड्यांची चाचणी घेणारी संस्था; तिची प्रयोगशाळा आमच्या पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच आहे. टेकडीवर पाऊस भरपूर पडतो, पण चाचणीच्या रोलरवर पडत नाही. गाडी बंद खोलीत, बेताच्या तापमानात, कोरड्या रोलरवर, एसी बंद ठेवून वीस मिनिटांच्या आत एक ठरलेली वेगाची आखणी पूर्ण करते. यात लबाडी काही नाही. सगळ्या गाड्यांना एकच परीक्षा लावायची तर ती अशीच घ्यावी लागते. पण ती परीक्षा ताम्हिणी घाटातल्या पावसात घेतलेली नसते, एवढं लक्षात ठेवलेलं बरं.

आता रस्त्यावरचं पाणी. समजा, पाण्याचा थर फक्त एक मिलिमीटर आहे, चाक वीस सेंटिमीटर रुंद आहे आणि गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली आहे. गुणाकार केला तर पुढच्या एकेका चाकाला सेकंदाला जवळजवळ साडेचार लिटर पाणी बाजूला सारावं लागतं. दोन्ही चाकांचं मिळून नऊ लिटर, दर सेकंदाला. मागच्या चाकांचं काम थोडं हलकं, कारण पुढच्यांनी वाट करून ठेवलेली असते. थर तीन मिलिमीटर झाला की हाच हिशोब तिप्पट. पुढच्या ट्रकच्या मागे जो पांढरा धुरळा उडताना दिसतो, तो त्याच्या डिझेलवर उडत असतो, आणि आपल्या मागच्याला दिसणारा आपल्या पेट्रोलवर.

यापेक्षा कमी दिसणारी गोष्ट म्हणजे टायरचं तापमान. टायर फिरताना दर फेरीत दबतो आणि सुटतो, आणि त्या दबण्या-सुटण्यात रबर थोडी ऊर्जा गिळतं. रबर गरम असलं की कमी गिळतं, थंड असलं की जास्त. कोरड्या रस्त्यावर टायर काही किलोमीटरांत तापून आपल्या रंगात येतो. ओल्या रस्त्यावर त्याला सतत थंड पाण्याची आंघोळ चालू असते, तो तापतच नाही. थंड टायरमधली हवाही आकसते. तापमान दहा अंशांनी उतरलं तर साधारण एक पीएसआय दाब कमी होतो. मे महिन्याच्या दुपारी भरलेली हवा जुलैच्या सकाळी कमीच भरणार.

हवाही बदलते. पुण्यात मे महिन्यातल्या ३८ अंशांच्या हवेपेक्षा जुलैमधली २४ अंशांची हवा साधारण चार टक्के दाट असते. दमट हवा जड असते असं आपल्याला वाटतं, ते खरं नाही. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते. पण गारव्याने जेवढी दाटी वाढते तेवढी ओलाव्याने कमी होत नाही. महामार्गावर ही चार टक्क्यांची दाट हवा गाडीला दिवसभर कापत बसावी लागते.

मला या सगळ्यात खरी मेख दिसली ती वेगळीच. ब्रेकमध्ये जाणारी ऊर्जा परत मिळवता येते, ती हायब्रिडची कमाई. पण पाणी उडवण्यात, थंड रबर मळण्यात आणि हवा कापण्यात जे जातं त्यातला एक थेंबही परत मिळवायची सोय कुठल्याच गाडीत नाही. उधारी वसूल करणं हा या गाडीचा मुख्य धंदा, आणि पाऊस नेमका रोख घेतो.

हे मला कळलं ते आमच्या साडूंमुळे. सासर चिपळूणचं, त्यामुळे गणपतीला दोन्ही कुटुंबं ताम्हिणीतून माणगावला उतरून मुंबई-गोवा महामार्ग धरतात. साडूंची गाडी जवळपास माझ्याच आकाराची, पण साधी पेट्रोल. मुक्कामी पोचल्यावर पाय धुवायच्या आधी आकड्यांची देवाणघेवाण झाली. कोरड्या दिवसांत त्यांना चौदा-सव्वाचौदा मिळतं, ते सव्वातेरावर आलं होतं. माझं बावीसवरून वीसवर. साडू खूश झाले. "काय हो, आमचा एकच गेला आणि तुमचे दोन! पावसापुढे तुमचं तंत्रज्ञानही भिजलंच की." सासऱ्यांनी त्यांना दुजोरा दिला, कारण सासरे डिझेलवाले.

रात्री आरत्या आटोपल्यावर मी हिशोब उलटा मांडून पाहिला, किलोमीटरवर नाही, लिटरवर. शंभर किलोमीटरला साडूंच्या गाडीला कोरड्या रस्त्यावर सात लिटर लागतात, ओल्यावर साडेसात. माझ्या गाडीला कोरड्यावर साडेचार, ओल्यावर पाच. म्हणजे पावसाने दोघांकडून सारखंच घेतलं होतं, अर्धा लिटर! फक्त माझ्या पानात मुळात कमी वाढलेलं, त्यामुळे तेवढ्याच घासाने पान जास्त रिकामं दिसलं. टक्केवारीत त्यांचे सात गेले, माझे अकरा. लिटरला किती किलोमीटर हे माप असंच फसवं आहे. गाडी जितकी काटकसरी, तितकं ते लहानशा खर्चाचं मोठं नाटक करतं. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर असं मोजतात, आणि निदान पावसाळ्यापुरतं तरी ते माप जास्त प्रामाणिक आहे असं माझं मत झालं आहे. साडूंना सकाळी हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पण दोन गेले ना?"

पाऊस म्हणजे तरी एकच गोष्ट कुठे असते? पुण्याला वर्षाला सातशेच्या आसपास मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या महाबळेश्वरला साडेपाच हजारांच्या वर. पुण्यातला जुलै म्हणजे बहुतेक दिवस भुरभुर, ढगाळ हवा, आणि कर्वे रस्त्यावर एकामागे एक लागलेल्या गाड्या. हे हवामान हायब्रिडला मानवतं. मे महिन्याच्या उन्हात बॅटरीचा पंखा मागच्या सीटपाशी घुं-घुं करत असतो. जुलैमध्ये बॅटरी निवांत असते. एसीवरचा उन्हाचा भार उतरलेला असतो. रखडत्या वाहतुकीत साध्या गाडीचं इंजिन उभ्याउभ्या पेट्रोल पितं, तेव्हा हायब्रिड आवाज न करता मुंगीच्या पावलांनी पुढे सरकते. त्यामुळे शहरातल्या रिमझिमीत माझा आकडा कधीकधी मे महिन्यापेक्षा चांगला येतो, आणि पाऊस अ‍ॅव्हरेज मारतो असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांशी मग माझं जमत नाही.

द्रुतगती मार्गावरचा अनुभव आणखी उलटा. वायपर फुल्ल स्पीडला लावूनही पुढचं दिसत नाही असा पाऊस आला की शहाणी माणसं साठ-सत्तरवर येतात. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे शंभरवरून सत्तरवर आलं की तो निम्मा होतो, आणि पाणी उडवण्यात जे जातं ते बऱ्याचदा इथेच वळतं होतं. खिशाला सगळ्यात महाग पडणारा पाऊस मुसळधार नसतो. तो रस्ता ओला ठेवण्याइतपत पडतो आणि कुणालाही वेग कमी करावासा वाटत नाही. शंभरच्या वेगात, ओल्या काँक्रीटवर, गार टायरांनी. असा तासाभराचा प्रवास झाला की स्क्रीनकडे न बघितलेलं बरं.

कोकणात उतरलं की काचांचं प्रकरण सुरू होतं. भिजून आलेली चार माणसं गाडीत बसली, ओल्या छत्र्या पायाशी टाकल्या, की पाच मिनिटांत आतून काच धुरकट होते. एसी लावला की ती निवळते, कारण एसी हवा गार करताना तिच्यातलं पाणी काढून घेतो. पण ते पाणी काढणं स्वस्त नाही. एक लिटर पाणी वाफेतून द्रवात आणायचं तर जवळजवळ पाऊण युनिट उष्णता बाहेर टाकावी लागते, आणि त्यासाठी एसीला अंदाजे पाव युनिट वीज लागते. गंमत अशी की ग्रँड विटाराची अख्खी बॅटरीच पाऊण युनिटची आहे, ०.७६. त्यातही गाडी बॅटरी पूर्ण भरू देत नाही की पूर्ण रिकामी होऊ देत नाही. मधला साधारण अर्धा भाग वापरते. म्हणजे बाहेर गार हवा असूनही, निव्वळ ओलावा उपसण्यात बॅटरीतली बरीचशी शिल्लक संपते. मग माणगावच्या कोंडीत गाडी उभी असताना इंजिन आपोआप चालू होतं, थोडा वेळ बॅटरी भरतं, बंद पडतं, पुन्हा चालू होतं. बायकोला दरवेळी वाटतं काहीतरी बिघडलंय.

किनाऱ्याजवळ आणखी एक तऱ्हा आहे. तिथल्या पावसाळी हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव होतं तो, २४-२५ अंशांच्या आसपास असतो. एसी वीसवर ठेवून झोत काचेवर सोडला तर काच त्याहून गार होते आणि दव बाहेरच्या बाजूने धरतं. माणसं आतून फडकं मारत राहतात, एसी आणखी वाढवतात, काच आणखी गार होते, धुकं आणखी दाटतं, आणि पेट्रोल जातं ते वेगळंच. वायपरचा एक फटकारा मारायचा आणि तापमान पंचवीसवर न्यायचं, एवढाच उपाय आहे.

घाट मात्र स्वतंत्र प्रकरण. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर खाली येते. माणसांसकट दीड हजार किलोची गाडी एवढी खाली आली की सव्वादोन युनिट ऊर्जा मोकळी होते. घर्षण, हवा आणि रूपांतरातली गळती वजा केली तरी एक युनिटभर हाती लागण्यासारखी असते. पण बॅटरीत जागा उरलेली असते फार तर पाव युनिटची. अर्धा घाटही उतरत नाही तोच बॅटरी भरते, आणि पुढे गाडी इंजिनाला पेट्रोल न देता नुसतंच फिरवून वेग धरून ठेवते. त्याचा आवाज चढतो, नव्या मालकाच्या पोटात गोळा येतो, पण पेट्रोल जळत नसतं. ओल्या रस्त्यावर चाक जरा जरी सटकलं की संगणक ही वसुली तत्काळ सोडून साध्या ब्रेककडे वळतो, कारण तेव्हा विजेपेक्षा पकड महत्त्वाची. तरी एक हिशोब मला गमतीचा वाटतो: घाट उतरताना रस्त्यावरचं पाणी जे खातं ते बहुतांश असंही वाया जाणारच होतं. तिथे पावसाचा हिस्सा जवळपास फुकट पडतो. चढताना मात्र पुरेपूर.

आता ज्याचा दोष पावसावर जातो पण जो पावसाचा नाही, त्याबद्दल. आपल्याकडे टायर बदलायचा मुहूर्त म्हणजे जूनचा पहिला आठवडा. झिजलेला टायर कोरड्या रस्त्यावर हलका फिरतो, कारण दबायला रबरच कमी उरलेलं असतं. शिवाय झिजून त्याचा घेर दीड-दोन टक्क्यांनी कमी झालेला असतो, त्यामुळे मीटर थोडे जास्त किलोमीटर दाखवतो. म्हणजे टायर बदलायला आला तेव्हाच गाडीचा आकडा सगळ्यात देखणा असतो. नवा, आठ मिलिमीटर खोल नक्षीचा टायर चढवला की तो उतरतो, आणि त्याच आठवड्यात पाऊस सुरू झालेला असतो. नाव कुणाचं होणार? तरीही टायर बदलावाच. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्याने तो संपला, आणि साचलेल्या पाण्यावर गुळगुळीत टायर असला तर ३३ पीएसआय दाबाला ताशी ९५ किलोमीटरच्या आसपास चाक रस्ता सोडून पाण्यावर तरंगू शकतं. विमानांच्या टायरांवर नासाने केलेल्या प्रयोगांतून आलेलं हे गणित आहे.

इथेनॉलचंही असंच. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आलं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसरा हिस्सा कमी. शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर लिटरमागे सहा-सात टक्के तिथेच कमी झाले. उसाच्या पट्ट्यातल्या माणसाने याबद्दल किती तक्रार करावी, हा ज्याचा त्याचा प्रश्न.

आणि आपण स्वतः. पाऊस सुरू झाला की दुचाकी झाकून ठेवतो आणि दोन किलोमीटरवरच्या शाळेला, भाजीला, क्लासला गाडी काढतो. गार इंजिन आधी स्वतःला आणि सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला तापवायला चालू होतं. बॅटरी भरलेली असली तरी त्याला पर्याय नसतो, कारण कन्व्हर्टर तापल्याशिवाय धूर स्वच्छ होत नाही. तो तापेपर्यंत शाळा आलेली असते. गाडी पाऊण तास पावसात उभी राहते, परत गार होते, परतीला पुन्हा तेच. हायब्रिडला याहून वाईट दिनक्रम शोधून सापडणार नाही. माझ्या मते शहरातल्या माणसाचा पावसाळी आकडा घसरतो त्याला रस्त्यावरच्या पाण्यापेक्षा या छोट्या फेऱ्याच जास्त कारणीभूत असतात. सगळी कामं एकाच फेरीत उरकली तर बराचसा आकडा परत येतो. घरात हे सांगून पाहिलं. भाजी संध्याकाळीच ताजी मिळते, असं उत्तर आलं.

बाकी करण्यासारखं फार नाही. पहिल्या पावसानंतर सकाळी, टायर गार असताना, हवा तपासायची. महामार्गावर पुढच्या गाडीने पाणी सारून केलेल्या दोन पट्ट्यांत चाकं ठेवायची, अर्थात अंतर राखून. अनेक हायब्रिड गाड्यांत बॅटरीला हवा घेणारी जाळी मागच्या सीटपाशी असते. तिच्यावर ओले रेनकोट फेकायचे नाहीत.

आणि तुंबलेल्या पाण्यात शिरायचं नाही. हायब्रिडवाल्याला इथे एक खोटा धीर येतो. विजेचा शॉक बसेल ही भीती अनाठायी आहे. जास्त व्होल्टेजची नारिंगी केबल आणि बॅटरी बाकी गाडीपासून अलग केलेली असते, आणि गळती जाणवली की यंत्रणा स्वतःच वीज तोडते. धीर खोटा ठरतो तो दुसऱ्या कारणाने. गाडी आवाज न करता मोटरवर पाण्यातून चाललेली असते, इंजिन बंद, त्यामुळे वाटतं की पाणी ओढून घेणारं काही चालूच नाही. पण ते कधी चालू करायचं हे आपल्या हातात नसतं. गुडघाभर पाण्यात, वर एसी चालू, बॅटरी खालच्या रेघेला टेकली, की संगणक इंजिनाला हाक मारणारच. पहिल्याच श्वासाला पाणी आत गेलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो. २००५च्या २६ जुलैला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्यानंतर कितीतरी गाड्यांची इंजिनं अशीच गेली, आणि तेव्हा त्या साध्याच होत्या. इंजिनाचं हे नुकसान नेहमीच्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं.

अंधेरीचा किंवा मिलनचा सबवे भरल्याची बातमी दरवर्षी येते, आणि आमच्याकडे सिंहगड रस्त्याच्या बाजूला नदीकाठीही तेच. पुढचा रिक्षावाला थांबलेला दिसला की मीही गाडी वळवतो आणि लांबचा रस्ता धरतो. त्या फेऱ्यात पाव लिटर जास्त जातं.